पोल म्हणजे काय आणि तो कसा घ्यावा: कोल्हापुरातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

निवडणुका जवळ आल्या की ‘पोल’ हा शब्द दूरचित्रवाणीवर दिवसभर ऐकू येतो. आता तो तालीम मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांतही रुळला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात शिकणारा विद्यार्थी असो, प्रभागातील पाणीप्रश्नावर लोकांचे म्हणणे गोळा करू पाहणारा कार्यकर्ता असो किंवा सोसायटीचा नवा सचिव असो, प्रत्येकाला कधी ना कधी पोल घ्यावा लागतो आणि बहुतेक जण तो कोणाकडूनही न शिकता घेतात. अशा नवोदितांसाठी हा लेख आहे. आधी शब्दाचा नेमका वापर पाहू आणि मग प्रत्यक्ष काम क्रमाने समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ आणि वापर

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ डोके असा होता. त्यावरून डोकी मोजणे, म्हणजे आपण ज्याला शिरगणती म्हणतो ते, आणि पुढे मतांची मोजणी असा अर्थ रूढ झाला. आज तो दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ प्रत्यक्ष मतदानाचा आहे: पोलिंग बूथ, पोलिंग एजंट, ‘दुपारपर्यंत पोलिंग किती झालं?’ हा नेहमीचा प्रश्न. दुसरा अर्थ मत आजमावण्याचा, आणि या लेखाचा संबंध त्याच्याशी आहे. मतदानापूर्वी लोकांचा कल विचारला तर तो ओपिनियन पोल, म्हणजे जनमत चाचणी. मत देऊन केंद्राबाहेर पडलेल्या मतदाराला विचारले तर तो एक्झिट पोल, म्हणजे मतदानोत्तर चाचणी. वृत्तनिवेदकही या दोहोंत गफलत करतात, म्हणून हा भेद आरंभीच पक्का करावा.

पोल आणि सर्व्हे हे शब्दही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. साधारणपणे एक-दोन नेमक्या प्रश्नांवर कौल घेतला तर त्याला पोल म्हणतात आणि अनेक प्रश्नांतून एखाद्या विषयाची खोलवर माहिती घेतली तर त्याला सर्व्हे किंवा सर्वेक्षण म्हणतात. पोल ‘घेतात’, व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र तो ‘टाकतात’. याहून महत्त्वाचा भेद पोल आणि सार्वमत यांच्यातील आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात उभी बाटली की आडवी बाटली असे जे मतदान होते, त्यात सर्व पात्र मतदारांना मत देता येते आणि त्या निकालावर प्रशासनाला कारवाई करावी लागते. पोलमध्ये थोड्या लोकांना विचारून सर्वांच्या मताचा अंदाज बांधलेला असतो. त्याने कोणावरही काही बंधनकारक होत नाही, आणि तसे भासवणे ही लोकांची दिशाभूल ठरते.

काय जाणून घ्यायचे आणि कोणाकडून

पहिली पायरी कागदावरची आहे. या पोलमधून काय कळायला हवे आणि कळल्यावर त्याचे काय केले जाईल, हे एका वाक्यात लिहावे. ‘केएमटीबद्दल (म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेबद्दल) लोकांचे मत’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘प्रभागातील प्रौढ रहिवाशांपैकी किती जण आठवड्यातून एकदा तरी केएमटीने प्रवास करतात आणि जे करत नाहीत ते कोणत्या कारणाने करत नाहीत’ असे लिहिले की प्रश्न, उत्तरदाते आणि मोजणी या तिन्ही गोष्टी आपोआप आकार घेऊ लागतात. हे वाक्य जमत नसेल तर पोल घेण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

दुसरी पायरी म्हणजे आपल्याला नेमक्या कोणत्या लोकसमूहाचे मत हवे आहे, ते ठरवणे. कोल्हापूरकरांना हे समजावण्यासाठी शहराच्या हद्दवाढीपेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही. अनेक वर्षे चाललेल्या या वादात केवळ महापालिका हद्दीतील नागरिकांना विचारले तर एक चित्र दिसेल, केवळ हद्दीलगतच्या गावांतील ग्रामस्थांना विचारले तर दुसरे दिसेल आणि दोघांना एकत्र विचारले तर कोणत्या बाजूची माणसे किती घेतली, यावर तिसरे चित्र ठरेल. तिन्ही पोल प्रामाणिकपणे घेतलेले असू शकतात. परंतु ‘कोल्हापूरकरांना काय वाटते’ या एकाच मथळ्याखाली ते छापले तर वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही. म्हणून समूहाची व्याख्या भौगोलिक सीमेसह, वयासह आणि रहिवासाच्या अटीसह लिहून ठेवावी.

माणसे कशी निवडायची

संपूर्ण कामाचा कणा हाच आहे आणि नवोदित नेमके येथेच घाई करतात. पोलची विश्वासार्हता किती जणांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले यावर अवलंबून असते. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रे पाठवली, २० लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि आल्फ लँडन विजयी होतील, असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने पत्ते मुख्यतः दूरध्वनी पुस्तिकांतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी फोन किंवा मोटार होती, त्यांचे राजकीय मत सामान्य मतदाराहून वेगळे होते. त्यातही पत्राला उत्तर देण्याची तसदी घेणारे लोक न देणाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले. त्याच निवडणुकीत पोल घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुना (म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी निवडलेली माणसे) घेऊन विजेता अचूक सांगितला.

हीच चूक आपल्या शहरात कशी घडते, ते पाहा. पहाटे रंकाळ्यावर उभे राहून प्रश्न विचारले तर फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि आरोग्याबाबत जागरूक मंडळी भेटतील. शनिवारी सायंकाळी महाद्वार रोडवर विचारले तर भेटणाऱ्यांत खरेदीसाठी किंवा अंबाबाईच्या दर्शनासाठी बाहेरगावाहून आलेले लोक मोठ्या संख्येने असतील. राजारामपुरीत महाविद्यालय सुटण्याच्या वेळी विचारले तर तरुणांचेच मत हाती येईल. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेला कामगार, दिवसभर धुणीभांडी करणारी मावशी आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा या तिन्ही ठिकाणी भेटणार नाहीत. अशा ठिकाणी शंभर लोक गाठणे सोपे असते, हे मान्य. तथापि जे सोपे आहे तेच प्रातिनिधिक आहे, असे मानण्याला कोणताही आधार नाही.

समूहातील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळावी, हे तत्त्व आहे. ते पाळण्याचा सर्वांत सुलभ मार्ग मतदार यादीतून जातो, कारण मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादीचे भाग कोणालाही उतरवून घेता येतात. समजा, आपल्या भागात ६,००० मतदार आहेत आणि आपल्याला ४०० पूर्ण उत्तरे हवी आहेत. काही जण भेटणार नाहीत, काही नकार देतील, हे गृहीत धरून ५०० नावे काढावीत. ६,००० भागिले ५०० म्हणजे १२. म्हणून १ ते १२ मधील एक आकडा चिठ्ठी काढून निवडावा. ७ निघाला तर यादीतील ७ वा, १९ वा, ३१ वा मतदार, असे शेवटपर्यंत जावे. हे काम घरी बसून, यादी समोर ठेवून करावे. दारात उभे राहून ‘हे घर नको, पुढचे घेऊ’ असे ठरवण्याची मुभा स्वतःला किंवा सोबत्यांना देऊ नये.

मतदार यादीच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. वसतिगृहातील विद्यार्थी आणि नव्याने आलेले भाडेकरू यांची नावे बहुधा त्यांच्या मूळ गावच्या यादीत असतात, तर स्थलांतरित आणि मृत व्यक्तींची नावे कधीकधी तशीच राहिलेली असतात. पोलचा विषय पाणी, कचरा किंवा रस्ते असा असेल तर भाडेकरूंना वगळणे योग्य होणार नाही. तेव्हा गल्लीगल्लीतील दारांची यादी स्वतः करावी, ठरावीक अंतराने घरे निवडावीत आणि घरातील प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे, त्यांनाच प्रश्न विचारावेत. ही वाढदिवसाची युक्ती जगभर वापरली जाते. तिच्याअभावी प्रत्येक घरात दार उघडणारी किंवा घरात ज्याचा शब्द चालतो ती व्यक्तीच उत्तरे देत राहते.

किती जण पुरेत?

यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे वरीलप्रमाणे चिठ्ठीच्या योगायोगावर सोपवून, निवडलेल्या नमुन्यासाठी एक कामचलाऊ हिशेब आहे: १ या आकड्याला नमुन्यातील माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की त्रुटीची मर्यादा मिळते. १०० लोकांसाठी ती अधिक-उणे १० टक्के, ४०० साठी ५ टक्के आणि १,००० साठी सुमारे ३ टक्के येते. ही मर्यादा ९५ टक्के खात्रीची मानली जाते, म्हणजे तीच पद्धत पुनःपुन्हा वापरली तर २० पैकी सुमारे १९ वेळा खरा आकडा या पट्ट्यात असेल. समूह केवढा मोठा आहे, याचा यावर फारसा परिणाम होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. तेवढ्या शहरासाठीही ४०० चा नीट निवडलेला नमुना आणि त्याहून कितीतरी मोठ्या शहरासाठीचा ४०० चा नमुना जवळपास तेवढीच अचूकता देतो. ही मर्यादा फक्त निवडीतील योगायोगाची असते. चुकीची माणसे निवडल्याने किंवा वाकडा प्रश्न विचारल्याने येणारी चूक तिच्यात धरलेली नसते, आणि रंकाळ्यावर गाठलेल्या हजार जणांना हा हिशेब लावणे तर सर्वस्वी गैर आहे.

प्रश्न लिहिणे

प्रश्नातच उत्तर दडलेले नसावे. ‘केएमटीच्या गाड्या वेळेवर येत नाहीत, तर आपण सेवेवर समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार. ‘बसची वेळ आणि स्वच्छता याबद्दल आपण समाधानी आहात का?’ यात दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. वेळेवर खूश आणि स्वच्छतेवर नाराज असलेल्या प्रवाशाने काय सांगावे? मतापेक्षा आधी वर्तन विचारावे आणि त्याला कालमर्यादा घालावी: ‘मागील ७ दिवसांत आपण केएमटीने किती वेळा प्रवास केला?’ त्यानंतर ‘शेवटच्या प्रवासात बससाठी साधारण किती वेळ थांबावे लागले?’ असे विचारले की माणूस आठवून सांगतो, ठोकून देत नाही.

एका प्रश्नाची घडण जवळून पाहू. गणेशमूर्तींच्या विसर्जनाबद्दल लोक काय करतात, हे जाणून घ्यायचे आहे. पहिला मसुदा सहज असा सुचतो: ‘आपण पर्यावरणपूरक विसर्जन करता का? होय / नाही.’ नदीचे प्रदूषण वाईट, हे सर्वांना ठाऊक असल्याने बहुतेकांचे उत्तर ‘होय’ येईल आणि त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘या वर्षी आपल्या घरच्या गणपतीचे विसर्जन कुठे केले?’ आणि पुढे पर्याय द्यावेत: घरीच, परिसरातील कृत्रिम कुंडात, इराणी खणीत, पंचगंगा नदीत, अन्य ठिकाणी, घरी गणपती बसवत नाही. या प्रश्नात चांगले-वाईट असा शिक्का कोठेही नाही, ठिकाणांची नावे रोजच्या बोलण्यातली आहेत आणि ज्यांच्या घरी गणपती नसतो, त्यांनाही खरे उत्तर देता येते. पर्यावरणपूरक कशाला म्हणायचे, हे नंतर अभ्यासकाने ठरवावे. उत्तरदात्यावर तो भार टाकू नये.

मताच्या प्रत्येक प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ हा पर्याय असलाच पाहिजे. ज्याने त्या विषयाचा विचारच केलेला नाही, त्याच्याकडून बळेच मत काढून घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा असतो: आधी खड्ड्यांविषयी पाच प्रश्न विचारून मग महापालिकेच्या एकूण कारभाराबद्दल विचारले, तर उत्तरावर खड्ड्यांचीच छाया पडते. म्हणून व्यापक प्रश्न आधी, तपशिलाचे नंतर, आणि वय, शिक्षण, उत्पन्न यांसारखे खासगी प्रश्न शेवटी घ्यावेत. भाषा लेखी थाटाची नको. ‘पाणीपुरवठ्याची वारंवारता’ असे लिहिण्यापेक्षा ‘आठवड्यातून किती दिवस नळाला पाणी येतं?’ हे शुक्रवार पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत सर्वांना एकाच अर्थाने समजते.

प्रश्नावली तयार झाल्यावर नमुन्याबाहेरच्या दहा-बारा जणांवर ती आधी वापरून पाहावी. ज्या प्रश्नावर लोक ‘म्हणजे?’ असे विचारतात, तो प्रश्न बदलावा.

दारोदार जाताना

कोल्हापुरात अनोळखी माणूस कागद घेऊन दारात आला की पहिला प्रश्न येतो: ‘कुणाच्या गटाचा?’ येथील राजकारण पक्षांइतकेच गटांभोवती फिरते, आणि दूध संघापासून साखर कारखान्यापर्यंतच्या निवडणुकांनी लोकांना सावध केलेले आहे. त्यामुळे आपण कोण, कोणत्या संस्थेकडून आलो, माहितीचे काय करणार आणि नाव कोठेही जाहीर होणार नाही, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट सांगावे. महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे ओळखपत्र गळ्यात असावे. ‘मावशी, प्रभागातल्या पाण्याबद्दल पाच मिनिटं विचारायचं होतं, तुम्हाला आत्ता जमेल का?’ एवढी साधी सुरुवात पुरते. नकार आला तर आभार मानून तो नोंदवावा आणि हुज्जत घालू नये.

अनेक घरांत स्त्रिया ‘ह्यांना विचारा, मला काय कळतंय’ असे म्हणून मागे सरतात. ही अडचण मी फार गांभीर्याने घेतो, कारण नळाला पाणी कधी येते, रेशन दुकानात काय मिळते आणि मुले शाळेत कशी जातात, याचा प्रत्यक्ष अनुभव बहुधा त्यांनाच असतो. ‘तुमचंच नाव यादीतून निघालंय, तुम्हाला जे वाटतं तेच हवंय’ असे शांतपणे सांगितले तर बहुतेक जणी बोलतात. शक्य असल्यास पाहणीच्या चमूत मुली असाव्यात आणि मुलाखत शेजारीपाजारी जमा होण्याआधी व्हावी. चारचौघांत दिलेले उत्तर आणि एकांतात दिलेले उत्तर यांत फरक पडतो.

घर बंद असेल तर शेजारचे घर धरू नये. वेगळ्या वारी आणि वेगळ्या वेळी निदान दोनदा परत जावे. जो माणूस दिवसा घरी नसतो, त्याचे जगणे आणि अडचणी घरी असणाऱ्याहून वेगळ्या असतात, आणि त्याला वगळले की निष्कर्ष हळूहळू एका बाजूला कलतो. उत्तर लिहून घेताना आपल्या शब्दांत सारांश करू नये, आणि प्रश्न पुन्हा वाचायचा असेल तर शब्द न बदलता वाचावा.

काळाचेही भान हवे. गणेशोत्सवात आणि नवरात्रात शहराची दिनचर्याच बदललेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता; तशा दिवसांत पाण्याबद्दल घेतलेला पोल त्या संकटाचे चित्र देईल, वर्षभराच्या सेवेचे नव्हे. लोकांचे मत बदलतही असते. १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत गॅलप यांच्या संस्थेने मतदानाच्या काही आठवडे आधीच चाचण्या थांबवल्या आणि हॅरी ट्रूमन यांच्या विजयाचा अंदाज चुकवला.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा पोल

सहलीची तारीख, वर्गणीची रक्कम किंवा बैठकीची वेळ ठरवण्यासाठी हे साधन उत्तम आहे, कारण तेथे गट हाच संपूर्ण समूह असतो. पोलमध्ये १२ पर्यंत पर्याय देता येतात. एकापेक्षा अधिक उत्तरे निवडण्याची सोय बहुधा आपोआप चालू असते, ती एकच कौल हवा असल्यास बंद करावी. कोणी कशाला मत दिले, हे सामान्यतः गटातील सर्वांना दिसते, त्यामुळे अध्यक्षांच्या कामगिरीसारखा नाजूक विषय तेथे टाकू नये; चिठ्ठ्या टाकून मत घ्यावे. आणि गटावरील निकालाला ‘प्रभागाचे मत’ असे कधीही म्हणू नये.

मोजणी आणि निकाल

उत्तरे जमा झाल्यावर थेट टक्केवारी काढण्याआधी नमुन्याची रचना पाहावी. समजा, ४०० उत्तरांपैकी २८० पुरुषांची आणि १२० स्त्रियांची आहेत. एखाद्या प्रस्तावाला १६८ पुरुषांनी, म्हणजे ६० टक्के पुरुषांनी, आणि ३६ स्त्रियांनी, म्हणजे ३० टक्के स्त्रियांनी पाठिंबा दिला. सरळ बेरीज २०४, म्हणजे ५१ टक्के, आणि मथळा होईल ‘बहुमत बाजूने’. परंतु भागात स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे असतील तर दोन्ही गटांना समान भार द्यावा लागतो आणि पाठिंबा ४५ टक्के ठरतो. त्याच कागदांतून बहुमत नाहीसे झाले. या क्रियेला भारांकन म्हणतात. ते केले असेल तर अहवालात तसे लिहावे. भारांकनाने नमुन्यात अजिबात नसलेल्या माणसांचे मत निर्माण होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उपगटांबाबत सावध राहावे. एका गल्लीतील ४० जणांच्या उत्तरांवर त्रुटीची मर्यादा सुमारे १६ टक्के होते, म्हणून त्यावरून गल्लीगल्लीची तुलना करू नये. ५१.२५ टक्के असे दशांशही देऊ नयेत, कारण एवढी अचूकता ४०० उत्तरांत नसते. जनमताच्या टक्क्यांवरून जागांचा अंदाज काढणे तर आणखी अवघड आहे: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दाखवल्या होत्या आणि प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

विषय निवडणुकीचा असेल तर कायदा माहीत असणे अत्यावश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६क (इंग्रजीत १२६ए) नुसार, पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत मतदानोत्तर चाचणी घेण्यास आणि तिचा निकाल प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; ही नेमकी मुदत निवडणूक आयोग अधिसूचित करतो. उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निकाल दूरचित्रवाणीसारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून दाखवण्यावरही बंदी आहे. ‘आमचा फक्त कॉलेजचा प्रकल्प आहे’ असे म्हणून यातून सूट मिळत नाही.

अहवालाच्या आरंभी एक छोटी चौकट असावी. तिचा नमुना असा: ‘ही पाहणी अमुक संस्थेने स्वखर्चाने, अमुक ते अमुक तारखांदरम्यान, अमुक प्रभागातील १८ वर्षांवरील मतदारांमध्ये घेतली. मतदार यादीतून ठरावीक अंतराने ५०० नावे निवडली. ४०० जणांनी समक्ष उत्तरे दिली, ४२ जणांनी नकार दिला आणि ५८ जण तीन फेऱ्यांनंतरही भेटले नाहीत. त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ५ टक्के. प्रश्न जसेच्या तसे शेवटी दिले आहेत.’ उत्तरदात्यांची नावे आणि फोन क्रमांक उत्तरांच्या कागदांपासून पहिल्याच दिवशी वेगळे करावेत, उत्तरांना केवळ अनुक्रमांक द्यावा, आणि पडताळणी संपली की नावांची यादी नष्ट करावी. उत्तरांचे कागद मात्र अहवालावर कोणी शंका घेतल्यास दाखवता यावेत, म्हणून जपून ठेवावेत.